कर्नलसाहेबांना जाळी बांधून आणावे

तीर्थरूप मामास,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी मान सध्या अवघडली आहे, तेव्हा यावेळी सातांवर भागवून घे.) पत्र आलं म्हणून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन न करता कागद काळा करते आहे, कारण फोनवर तू 'हो, हो, बरं, बरं' म्हणतोस आणि फोन ठेवल्यावर मामीला विचारतोस की कोण बोलत होतं. हे मामीनेच सांगितलंय, तिला रागावू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटल्यापासून तू रोज उठून गच्चीवर जातोस म्हणे, खरंच दुखतो का ते बघायला. (आमच्या धंद्यात यालाच टेस्टिंग म्हणतात, फक्त आम्ही ते आपल्या गुडघ्यावर करत नाही.) मामीचा चष्मा सापडला का? नसेल तर तू त्यावर बसला नाहीस ना, एवढं एकदा उठून बघ.

आता मुद्द्यावर येते. मागे धाकट्या मावशीकडच्या लग्नात, भर जेवणाच्या टेबलावर तू व्याह्यांना माझी ओळख करून देताना म्हणालास, 'ही आमची भाची. दुसऱ्याच्या दुधात माशी शोधते आणि त्याचा पगार घेते.' सगळे हसले. मीही हसले. आई सर्वांत जास्त हसली. पण मामा, मी मनात एक गाठ मारून ठेवली होती, आणि आज ती सोडायला बसले आहे. तेव्हा चष्मा लाव (तुझा तरी जागेवर असेल), पाय स्टुलावर घे आणि नीट वाच, कारण तुझी भाची जिंकून आली आहे.

आधी हे समजून घे की पूर्वी आमच्याकडे कामाची रीत काय होती. गिऱ्हाईक येऊन काय हवं ते सांगायचं, आमचे साहेब मान डोलवायचे, आणि मग प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी महिनोन्‌महिने दार लावून लिहीत बसायची. सगळं लिहून झालं आणि साहेबांनी गिऱ्हाइकाला तारीख देऊन टाकली, की ते अख्खं गाठोडं माझ्या टेबलावर येऊन आदळायचं. (माझं टेबल प्रिंटर आणि छत्र्यांचं कपाट यांच्या मधे. पावसात तिथे माझ्याही अंगावर टेस्टिंग होतं.) 'जरा बघून घे' म्हणायचे. मी चूक काढली तर 'आत्ता सांगतेस?' आणि गिऱ्हाइकाने काढली तर 'तू बघत काय होतीस?' म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तू जन्मभर कोट शिवलेस. कधी असं केलंस का, की अस्तर-बटणांसकट कोट पुरा शिवून, इस्त्री मारून, लग्नाच्या दिवशी सकाळी नवऱ्यामुलाच्या अंगावर पहिल्यांदा चढवला? तू कच्चे टाके घालून त्याला आधी घालायला लावायचास, हात वर करायला सांगायचास आणि विचारायचास, 'बगलेत ओढतो का?' मी पोटापाण्यासाठी हेच विचारते. माशी नाही शोधत, बगल बघते.

तर गेल्या वर्षी आमचे साहेब कुठल्याशा शिबिराला गेले आणि रंगीत चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन परत आले. (आम्ही त्यांना होईलसाहेब म्हणतो. गिऱ्हाइकाने चंद्र मागितला तरी ते 'होईल, होईल' म्हणतात आणि आमच्याकडे बघतात.) म्हणाले, आजपासून आपण अजाईल. मराठीत चपळ म्हण. याचा अर्थ असा, की मोठं काम एकदम करायचं नाही, त्याचे लहान लहान तुकडे पाडायचे. दर पंधरवड्याला एखादा तुकडा पुरा करून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ते काय म्हणतं ते ऐकायचं आणि पुढचा घ्यायचा. भिंतीवर तीन रकाने आखले, 'करायचं', 'चाललंय' आणि 'झालं'. प्रत्येक कामाची चिठ्ठी या रकान्यातून त्या रकान्यात सरकवायची. रोज सकाळी सगळ्यांनी त्या भिंतीपाशी उभं राहून बोलायचं, उभं अशासाठी की कुणी भाषण ठोकू नये. (आमचे साहेब उभ्यानेही भाषण करू शकतात, हे शिबिरवाल्यांना माहीत नसावं.)

मला ही पद्धत ऐकूनच आवडली, खोटं कशाला बोलू. फक्त भिंतीकडे बघून मी विचारलं, 'पण यात टेस्टिंग कुठे आहे?' (माझं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होतं असा ऑफिसचा आरोप आहे, म्हणून मला तिथे पणताई म्हणतात.) साहेब म्हणाले, 'ते काय, होईल.' आणि झालं असं, की पूर्वी वर्षातून एकदा जी फाशी व्हायची ती आता दर पंधरवड्याला व्हायला लागली. दोन आठवडे सगळे लिहिणार, आणि शेवटच्या दुपारी चहा पिऊन झाल्यावर माझ्याकडे ढकलणार. त्यातला सर्वांत चपळ म्हणजे आमचा सुसाट. मुलगा गुणी आहे, बुद्धीने तल्लख आहे, पण उतारावर ब्रेक नसलेल्या सायकलसारखा लिहितो. त्याच्या मशीनवर एकदा चाललं की तो चिठ्ठी उचलून थेट 'झालं'वर चिकटवायचा आणि हात झटकायचा.

अशात आम्हाला जनावरांच्या एका मोठ्या दवाखान्याचं काम मिळालं. कुत्री, मांजरं, पोपट, घोडे, म्हशी, सगळे तिथे येतात. तिथल्या मुख्य डॉक्टरीणबाई म्हणजे कामाला वाघीण, पण बोलायला मऊ. पहिला तुकडा सोपा होता. कुणाला कधी यायचं आहे ते नोंदवायचं आणि आदल्या दिवशी मालकाच्या फोनवर आठवणीचा निरोप पाठवायचा. सुसाटने वेळ वाचवायला जुन्या कामातला एक प्रोग्रॅम उचलला आणि इकडे जोडला. तो होता माणसांच्या दातांच्या दवाखान्याचा. तिथे रोगी आणि फोनचा मालक एकच असतो. इकडे रोग्याला चार पाय आणि फोन दुसऱ्याचाच, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शेवटच्या दुपारी काम माझ्याकडे आलं, आणि मी अजून पहिल्याच पानावर होते तेवढ्यात साहेबांनी तिकडे ते सुरूही करून टाकलं.

दवाखान्याच्या जवळ एक निवृत्त कर्नलसाहेब राहतात. त्यांच्या कुत्र्याचं एक छोटं ऑपरेशन ठरलं होतं. संध्याकाळी कर्नलसाहेबांच्या फोनवर निरोप गेला, तो असा: 'माननीय कर्नलसाहेब, उद्या सकाळी आपली नसबंदी ठरली आहे. रात्रीपासून काही खायला घालू नये. येताना तोंडाला जाळी बांधून आणावे. चावत असल्यास आधी कळवावे.'

मामा, दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नलसाहेब कडक इस्त्रीच्या कपड्यांत, एका हातात कुत्रा आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन दवाखान्याच्या खिडकीपाशी हजर. म्हणाले, 'आमच्या दोघांपैकी नक्की कोणाची?' आणि खिडकीतल्या बाईंनी (त्या बिचाऱ्या प्रामाणिक आहेत) कॉम्प्युटरमध्ये डोकावून सांगितलं, 'यात तर तुमचंच नाव दिसतंय.'

त्या दिवशी असे बरेच निरोप गेले होते. एका मुख्याध्यापिकांना शेपटीचे टाके काढायला बोलावलं होतं. एका वकिलांना जंत झाले होते. बाकांवर बसलेली माणसं एकमेकांना फोन दाखवून पोट धरधरून हसत होती, पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या तडक आमच्या ऑफिसात आल्या, खुर्ची दिली ती नको म्हणाल्या आणि साहेबांना शांतपणे म्हणाल्या, 'निरोप चुकला, माणसं हसली. पुढच्या पंधरवड्यात तुम्ही मला औषधाच्या मात्रेचं काम देणार आहात. वजन घातलं की औषध किती द्यायचं ते तुमचा कॉम्प्युटर सांगणार. तिथे चुकलात तर हसणार कोण?'

साहेबांनी सवयीने 'होईल' म्हणायला तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर केला. बाई म्हणाल्या, एकदाच आणखी बघेन, तेही माझ्या दवाखान्यात, माझ्या डोळ्यांसमोर. नाही जमलं तर नमस्कार. त्या गेल्यावर साहेबांनी आम्हाला सांगितलं, की हे काम गेलं तर आमची टोळीच मोडणार आहे. सुसाटला दुसऱ्या गावच्या शाखेत पाठवतील. माझं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, 'बघू.' त्या माणसाच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा 'होईल'ऐवजी 'बघू' ऐकलं आणि मी टेबलाचा खण आवरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे भिंतीपाशी उभे. सुसाट मान खाली घालून म्हणाला, 'टेस्टिंगने पकडायला हवं होतं.' तो काही दुष्टपणाने नाही म्हणाला, इतकी वर्षं सगळेच तसं म्हणत आले होते. पण माझी तार सटकली. मी साहेबांची खुर्ची ओढली आणि सगळे उभे असताना मधोमध बसले. (उभ्या सभेत कुणी बसल्याचा तो पहिलाच प्रसंग. साहेबांना खोकला आला.)

'पणताई, उठा,' साहेब म्हणाले.

'उठते. पण आधी ऐका. शेवटच्या दुपारी माझ्या हातात देता त्याला टेस्टिंग म्हणत नाहीत, पंचनामा म्हणतात. डॉक्टरीणबाईंशी पहिलं बोलणं होईल तेव्हा मी तिथे असणार. कामाचा तुकडा पाडाल तेव्हा मी असणार. सुसाट लिहील तेव्हा मी शेजारी असणार. आणि तपासून झाल्याशिवाय एकही चिठ्ठी 'झालं'मध्ये जाणार नाही. लिहून झालं म्हणजे झालं नव्हे.'

'मग माझा वेग कमी होईल,' सुसाट म्हणाला.

'कर्नलसाहेबांकडे तू वेगानेच पोचला होतास,' मी म्हटलं.

कुणीतरी फिसकन हसलं. सुसाटही हसला, अगदी नाइलाजाने. साहेबांनी भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'होईल.' मी उठले. त्या एका शब्दाने इतका आनंद मला आयुष्यात कधी दिला नव्हता.

मग आम्ही दवाखान्यात गेलो. पूर्वी अशा वेळी साहेब एकटे जायचे आणि मान डोलवून यायचे. यावेळी मी नुसते प्रश्न विचारले. सगळ्यांत लहान रोगी कोण? चिमणीएवढा पोपट. मोठा? घोडा. दोघांचं वजन एकाच खान्यात लिहिता? हो. ग्रॅममध्ये की किलोमध्ये? बाई म्हणाल्या, छोट्यांचं ग्रॅम, मोठ्यांचं किलो, सगळ्यांना सवयीने कळतं. मी म्हटलं, पण कॉम्प्युटरला सवय नसते. मग त्यांनी स्वतःच खुर्ची जवळ ओढली आणि दुपारभर सांगत बसल्या.

परत आल्यावर मी सुसाटला काहीही लिहू दिलं नाही. आधी आम्ही साध्या भाषेत उदाहरणं मांडली. एवढ्या वजनाचा ससा असेल तर एवढं औषध निघालं पाहिजे. वजनाचा खाना रिकामा असेल तर औषध निघताच कामा नये. ग्रॅम की किलो ते निवडलेलं नसेल तर थांबलं पाहिजे. सुसाट वैतागला. 'मी अजून एक ओळ लिहिली नाही आणि तू चुका काढतेस!' मी म्हटलं, न लिहिलेली चूक खोडायला सर्वांत सोपी. दोन दिवस तो फुगून बसला. पण मग त्याने काय केलं माहीत आहे? त्या उदाहरणांचेच बारके बारके प्रोग्रॅम लिहिले. तो मूळ कामात कुठेही हात लावो, हे पहारेकरी आपोआप सगळीकडून धावून येतात आणि काही बिघडलं असेल तर पडद्यावर लाल खूण करतात. पहिल्यांदा लाल खूण बघून तो चिडायचा. आठवडा संपेपर्यंत हिरवी झाली की शीळ घालायला लागला. शेजारी बसून काम करण्यात गंमत असते, हे त्याला कळलं. (मलाही कळलं. हा मुलगा वाटतो तितका वाईट नाही. फक्त शेंगदाणे फार खातो.)

पण मला चैन पडेना. मी पुन्हा दवाखान्यात जाऊन नुसती खिडकीपाशी उभी राहिले. तिथे दिसलं, की खिडकीतल्या बाई टाइप करतात ते एका बोटाने, कारण दुसऱ्या काखेत बहुतेक वेळा कुणीतरी फिस्कारत असतं. आमच्या ऑफिसात सगळे दोन्ही हात मोकळे ठेवून, थंड हवेत, सावकाश टाइप करत होते. मी डॉक्टरीणबाईंच्या परवानगीने दवाखान्यातला एक बोका उसना घेतला आणि टोपलीतून ऑफिसात आणला.

सुसाटच्या काखेत बोका दिला आणि म्हटलं, आता एका पोपटाची नोंद कर. त्याने एका बोटाने सुरुवात केली. बोक्याला शेंगदाण्यांचा वास आला की काय कोण जाणे, तो सुटला, साहेबांच्या टेबलावर गेला, साहेब खुर्चीवर चढले, तिथून बोका परत आला आणि सुसाटच्या कीबोर्डवर ऐसपैस बसला. वजनाच्या खान्यात चारचा आकडा धो धो पडायला लागला. आम्ही बोक्याला उचललं तेव्हा पडद्यावर पोपटाचं वजन एखाद्या ट्रकएवढं झालं होतं, आणि आमच्या प्रोग्रॅमने मुळीच न गडबडता औषध काढून दिलं होतं. बादलीभर.

ऑफिसभर हशा पिकला. आम्ही दोघं मात्र हसलो नाही. मी रिकामा खाना तपासला होता, ग्रॅम-किलो तपासले होते, पण बोट अडकून आकडा लांबत जाईल हे मला सुचलं नव्हतं. सुसाटचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, 'तिथे घाईत कुणीतरी हे वाचून खरंच औषध भरलं असतं तर?'

'म्हणून तर आत्ता सापडलं हे बरं झालं,' मी म्हटलं. (श्रेय बोक्याचं, असं ऑफिसात काही लोक म्हणतात. बोक्याला कुणी आणलं, एवढंच मी विचारते.)

त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंना फोन करून प्रत्येक जनावराचं कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजन विचारून घेतलं. तुकडा लहान होता, म्हणून चूक लहान असतानाच खुडता आली. जुन्या पद्धतीत ती सगळ्या कामात मुळं धरून बसली असती. मग वाद झाला तो पडद्यावर लिहायचं काय यावर. साहेबांना 'अवैध प्रविष्टी' हवं होतं. मी म्हटलं, काखेत रक्ताने माखलेलं मांजर असताना हे वाचून कोणाला काय कळणार? शेवटी माझंच वाक्य राहिलं: 'हा पोपट आहे. इतका जड पोपट नसतो. वजन पुन्हा बघा.'

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो तर दारातच कर्नलसाहेब. डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम बोलावलं होतं, 'ज्याला लागलंय त्यालाच बघू दे' म्हणून. ते खुर्चीवर ताठ बसले आणि कॉम्प्युटरवर हल्ला चढवला. कुत्र्याच्या जागी स्वतःचं वजन घातलं, वजनाच्या जागी हुद्दा घातला, खाना रिकामा ठेवला, सगळी बटणं एकदम दाबली. प्रत्येक वेळी प्रोग्रॅमने नम्रपणे सांगितलं की साहेब, असं नसतं. शेवटी मागे रेलले आणि म्हणाले, 'हा शरण येत नाही.' सुसाटने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघत होते, कारण डोळे भरून आले होते.

आणि नेमकं तेव्हाच बाहेर करकचून ब्रेक लागले. अख्खी बस दवाखान्याच्या दाराशी येऊन उभी राहिली, आणि ड्रायव्हर आपल्या टोपीत एक ससा घेऊन धावत आत आला. त्याचा पाळलेला ससा. सकाळपासून मलूल होता, म्हणून घरी ठेवायला मन होईना, शेजारी ठेवून बस चालवत होता. आता ससा ताठ होऊन झटके देत होता. ड्रायव्हरच्या तोंडून फक्त 'बाई, बाई' एवढंच निघत होतं. बसमधले उतारू खिडक्यांना नाकं लावून उभे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'वजन करा, घाला त्यात, चला.' खिडकीतल्या बाईंनी ससा काट्यावर ठेवला. काटा ग्रॅम दाखवत होता, खान्यात किलो लावलेलं होतं, आणि घाईत त्यांनी आकडा तसाच टाकला. डॉक्टरीणबाईंच्या हातात सुई तयार. आणि पडद्यावर शांतपणे अक्षरं उमटली: 'हा ससा आहे. इतका जड ससा नसतो. वजन पुन्हा बघा.'

बाईंचा हात हवेतच थांबला. वजन नीट घातलं. मात्रा आली. बाईंनी मनातल्या मनात एकदा स्वतः हिशेब केला, मान हलवली आणि औषध दिलं. ससा पुन्हा टोपीत ठेवला आणि आम्ही सगळे भोवती उभे. हळूहळू झटके थांबले. अंग सैल पडलं. मग एक कान उभा राहिला, मग दुसरा. ड्रायव्हर टोपीत तोंड घालून रडायला लागला (ससा आत होताच, त्याने ते चालवून घेतलं). बसमध्ये टाळ्या पडल्या, आणि कुणीतरी पुढे जाऊन हॉर्न वाजवला तो थांबेचना.

'चुकीची मात्रा माझ्या नजरेतून सुटलीच नसती,' असं डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. मग हात पुसता पुसता म्हणाल्या, 'बहुतेक.' आणि साहेबांकडे वळून, 'काम तुमच्याकडेच राहील. पण ही बाई पहिल्या बैठकीपासून हवी. ती नसेल तर मीही नाही.' कर्नलसाहेबांनी मला उभं राहून सलाम केला. मला उलट सलाम येत नाही, मी नमस्कार केला, कुत्र्यालाही केला.

ऑफिसात परत आल्यावर सुसाट ती चिठ्ठी हातात धरून भिंतीपाशी गेला. पूर्वी झटकन चिकटवायचा. यावेळी थांबला, वळला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, 'पणताई, लावू?'

मी म्हटलं, 'पण...'

अख्ख्या ऑफिसने श्वास रोखला. साहेबांनी खुर्चीचा हात धरला.

'...लाव,' मी म्हटलं.

मामा, असा आरडाओरडा झाला की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला आले. आता भिंतीवर रकाने तेवढेच आहेत, पण 'झालं'चा अर्थ बदललाय. सुसाट स्वतःच सकाळी येऊन विचारतो, आज कुठे मोडेल असं वाटतं? साहेब नव्या गिऱ्हाइकाला 'होईल' म्हणण्याआधी माझ्याकडे बघतात. आणि पुढच्या लग्नात व्याह्यांना माझी ओळख करून देशील तेव्हा जिभेवर नीट वाक्य ठेव. मामीला माझा नमस्कार, मुलांच्या पाठीवर एकेक थाप, आणि तुझ्या गुडघ्याला माझ्यातर्फे दम दे. पत्र लांबलं, पण विजय काय चिठ्ठीवर मावतो?

तुझी लाडकी (इतरांना मत विचारू नये) भाची,
पणताई

ता. क. : आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते सांगते. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं आणि 'प्रमुख' करतो म्हणाले. काचेची केबिन, फिरती खुर्ची, कुंडीत झाड. काम काय, तर बैठका आणि सह्या. स्वतः तपासायचं नाही. मी आनंदाच्या भरात घरी येऊन आईला सांगितलं, रात्रभर विचार केला आणि सकाळी साहेबांना नाही म्हणून आले. मला प्रोग्रॅमसमोर बसायचंय, कुंडीसमोर नाही. पण आईला अजून सांगितलेलं नाही. ती केबिनसाठी पडदे विणायला बसली आहे. तू तिचा धाकटा भाऊ, तुझं ती ऐकते. रविवारी ये आणि तूच सांग.

ता. क. २ : जेवणाआधी सांगू नकोस, जेवणार नाही. जेवणानंतर सांगू नकोस, झोपणार नाही. मधल्या वेळात काहीतरी बघ.

ता. क. ३ : पाकिटावर पत्ता आईनेच घातला, तुझ्या नव्या घराचा मला पाठ नाही. घालता घालता म्हणाली, 'मामाला बोलावलंस ना मला समजवायला? नको त्रास देऊस त्याला. तुझ्या ऑफिसातल्या त्या शेंगदाणेवाल्या मुलाने मला गुरुवारीच सांगितलं. नको तर नको केबिन, पडदे आपल्याच खिडकीला होतील.' मी तिच्या गळ्यातच पडणार होते, तेवढ्यात म्हणाली, 'पण तळमजल्यावरच्या बाईंना मी सांगून बसले की केबिन मिळाली, गाडी मिळाली आणि ड्रायव्हरही मिळाला. त्या रोज सकाळी गाडी बघायला गॅलरीत उभ्या असतात. ते निस्तरायला बोलव मामाला.' तेव्हा रविवारी यायचंच आहे. वर येऊ नकोस, गुडघा सांभाळ. तळमजल्यावरचीच घंटा वाजव.